वैरागच्या रस्त्याला निलगिरीच्या तेलाचा प्लांट बघायला

शुक्रवार

आमच्या वैरागकडच्या शेतात बांधावर निलगिरीची लांबलचक रांग आहे, आजोबांनी ऐंशीच्या दशकात सामाजिक वनीकरणाची रोपं आणून लावली होती ती, आणि ती ठेवायची का काढायची यावर घरात कायम दोन गट. दादा म्हणतो झाडं विहिरीचं पाणी ओढतात, बांधालगतच्या पट्ट्यात ज्वारी गुडघ्याच्या वर जात नाही. आई म्हणते मामंजींनी स्वतःच्या हाताने लावलीत, हात लावायचा नाही. अशात दादाचा फोन आला की जवळच एका अण्णांनी पाल्यापासून तेल काढायचा प्लांट टाकलाय, बांधावरचा पाला विकत घेतात, बघायला येतेस का. कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये काचेच्या चंबूत स्टीम डिस्टिलेशन (वाफेने तेल वेगळं काढणं) केलं होतं तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही, पण ट्रॉलीभर पाला टाकून काढलेलं तेल कधी बघितलं नव्हतं, त्यामुळे लगेच हो म्हटलं.

पुण्याहून संध्याकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडली. कुर्डुवाडीला गाडी थांबली की मला दर वेळी बार्शी लाइट रेल्वे आठवते, १८९७ ला सुरू झालेली ती अरुंद रुळांची गाडी, आजोबा तिच्यातूनच बार्शीला शिकायला जायचे. रात्री सोलापूर. पूर्व भागात मावशीकडे मुक्काम, तिने गरम पिठलं आणि शेंगाची चटणी वाढली, गप्पा मारत झोपायला उशीरच झाला.

शनिवार

सकाळी लवकर सिद्धेश्वरला जाऊन आले. तळ्याच्या मधोमध देऊळ, पाण्यावरून येणारा गार वारा, मार्च लागला होता तरी तेवढा अर्धा तास अंगाला छान वाटलं. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात लोकांना हाताशी धरून हे तळं खोदवून घेतलं असं इथे सगळे सांगतात. वर्षाला जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावात ज्याने पाणी साठवलं त्याला लोक आठशे वर्षं विसरले नाहीत, आणि हे मला या फेरीत पुन्हा पुन्हा आठवत राहिलं, कारण प्लांटवर सगळं येऊन शेवटी पाण्यावरच थांबत होतं.

दहाच्या एसटीने नान्नज, वडाळा करत वैरागच्या अलीकडे उतरले. रस्त्याच्या दोन्ही बाजूला ज्वारीची काढणी चाललेली, कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून ठेवलेल्या, मध्येच लालसर मुरमाचं उघडं माळ. दादा मोटारसायकल घेऊन फाट्यावर आला होता. वहिनीने कडक भाकरी, डाळकांदा आणि शेंगापोळी केली होती, जेवून उन्हातच बांधावर गेलो.

तिथे पहिली नवी गोष्ट कळली. अण्णा स्वतः आले होते पाला बघायला, साठीच्या पुढचे, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, बोलायला एकदम मोकळे. ते प्रत्येक झाडाचं पान तोडून चुरगळायचे, नाकाला लावायचे, मग माझ्या हातात द्यायचे. पहिल्या चार झाडांच्या पानांना तो ओळखीचा सर्दीच्या बामचा वास, तोही फिका. पाचव्याला मात्र लख्ख लिंबाचा! गवती चहासारखा पण जास्त धारदार.

"ताई, ही लिंबाच्या वासाची निलगिरी, हिचं खोड बघा कसं गुळगुळीत पांढरं हाय," अण्णा म्हणाले, "आणि बाकीची ही सगळी कागदाच्या कारखान्यासाठी लावायची जात. ती लाकडासाठी. तेल निघतंय पण लई कमी."

आपण सगळ्यांना निलगिरीच म्हणतो पण आत बराच फरक आहे. उटीला डोंगरात जी वाढते (ग्लोब्युलस) तिच्या तेलात सिनिओल भरपूर, तोच बामचा वास, औषधी तेलात ते निदान ७० टक्के असावं लागतं. ती जात थंडीतली, सोलापूरच्या उन्हात टिकणारी नव्हे. आपल्याकडे बांधावर, रस्त्याकडेला जास्त करून टेरेटिकॉर्निस आणि तिचे संकर, वाढायला भराभर पण तेलात गरीब. आणि लिंबाच्या वासाची ती सिट्रिओडोरा, तिच्या तेलात सिनिओल नावालाच, मुख्य भाग सिट्रोनेलाल, म्हणून ते तेल साबण, अगरबत्ती, डास पळवायच्या मलमांकडे जातं. अण्णांच्या प्लांटचं खरं काम या लिंबाच्या जातीवर चालतं, आसपासच्या शेतकऱ्यांकडून पाला घेतात आणि स्वतःची काही एकर लागवड आहे. आमच्या अख्ख्या रांगेत त्यांना रस वाटला तो फक्त रस्त्याकडच्या तुकड्यात. दादाचा चेहरा जरा पडला, पण मला हा माणूस आवडला तो इथेच, कारण सगळाच पाला घेतो म्हणून सांगून नंतर भाव पाडणं त्यांना सहज जमलं असतं.

संध्याकाळी प्लांटवर. पत्र्याची उंच शेड, एका बाजूला बॉयलर, मध्ये स्टीलची मोठी उभी टाकी, तिच्या शेजारी वाफ गार करणारा कंडेन्सर, मागे सिमेंटचा हौद. सावलीत पाला पसरून ठेवलेला. आदल्या दिवशी तोडून एक दिवस सुकवलेला, म्हणजे पाणी थोडं उतरतं, टाकीत जास्त मावतो आणि जळण वाचतं. ढीग करून ठेवायचा नाही, आतून गरम होतो, कुबट वास धरतो आणि तो वास तेलात येतो. पाला ओरबाडणाऱ्या बायका पण तिथेच होत्या, फांद्या जाड असतील तर बाजूला काढत होत्या कारण लाकडात तेल नसतं, उगाच जागा अडते. त्यातल्या एक मावशी हसत म्हणाल्या, "हाताचा वास दोन दिस जात न्हाय बघा, भाकरीला पण लागतोय, पोरं म्हणत्यात आई आज लिंबू पिळलंस काय." मी त्यांना मजुरी विचारली, पुरुषांपेक्षा कमी होती. हे मी अण्णांना तिथल्या तिथे बोलून दाखवलं, तोडणीचं सगळ्यात चिकाटीचं काम या बायका करतात, त्यांच्या हातावर मालाची प्रत ठरते. त्यांनी मान हलवली, पुढचं मला माहीत नाही पण बोलायला हवंच होतं.

मग टाकी भरणं. खाली जाळी, जाळीखाली वाफेचा भोकं पाडलेला पाइप, वरून पाला टाकायचा आणि दोन पोरं आत उतरून पायाने दाबत गोल फिरायची. कडेला नीट दाबला गेला नाही तर वाफ तिथून वाट काढून सरळ वर निघून जाते, मधला पाला कोरडाच राहतो आणि तेल अर्ध्यावर येतं. म्हणून अण्णा स्वतः वरून टॉर्च मारून कडा बघत होते. झाकण बसवून क्लॅम्प आवळून ठेवले आणि म्हणाले पहाटे चारला या.

चारला का? "पाणी गार असतंय तेव्हा."

रविवार

पहाटे साडेतीनला दादाने उठवलं. अंधारात मोटारसायकलवर जाताना चक्क गारठा होता, दुपारी अडतीसला जाणारं ऊन याच रस्त्यावर पडतं यावर विश्वास बसत नव्हता. बॉयलर आधीच पेटलेला. जळण म्हणजे गेल्या खेपेचा वाळवलेला चोथा, तुराट्या, थोडं बाभळीचं लाकूड. तेल काढून झालेला पालाच पुढच्या पाल्याला वाफ देतो हे मला फार पटलं, बाहेरून जळण आणायचं म्हणजे सोलापूरसारख्या भागात झाडांवरच कुऱ्हाड.

वाफ सोडली. पहिली वीस-पंचवीस मिनिटं काहीच नाही, नुसती टाकी तापत होती. मग वास. आधी शिजलेल्या भाजीसारखा हिरवट, मग हळूहळू त्यातून लिंबाचा वर आला, आणि कंडेन्सरच्या तोंडातून दुधट पाण्याची बारीक धार सुरू झाली. खाली स्टीलचं उभं भांडं, ज्याला ते सेपरेटर म्हणतात. पाणी तळातून वळलेल्या पाइपने बाहेर पडतं आणि तेल हलकं म्हणून वर तरंगत राहतं, काचेच्या पट्टीतून त्याचा पिवळसर थर दिसतो. तो थर बोटभर जाड होताना मी शेजारी स्टूल टाकून बसले होते, दादा चहा घेऊन आला तरी उठले नाही.

यातली गंमत सांगायलाच हवी, कारण लोकांना वाटतं तेल उकळून बाहेर येतं. सिनिओलचा उत्कलनबिंदू १७६ अंश, सिट्रोनेलालचा दोनशेच्या वर. टाकीत मात्र शंभराच्या वर काही जात नाही. मग तेल येतं कसं? तर तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे दोघंही आपापला वाफेचा दाब स्वतंत्रपणे लावतात आणि त्या दोन दाबांची बेरीज बाहेरच्या हवेइतकी झाली की दोघं मिळून उकळायला लागतात, शंभराच्या थोडं खालीच. पाण्याची वाफ भरपूर निघते आणि तिच्याबरोबर तेलाचा थोडा थोडा वाटा येत राहतो. इतक्या कमी उष्णतेवर येतं म्हणूनच वास जळत नाही. लॅबमध्ये हे समीकरण मी पाठ केलं होतं, खरं समजलं ते इथे, हात त्या पाइपवर ठेवून.

आता पाण्याचं. वाफ बनवायला जे पाणी लागतं ते तसं थोडं, खरं पाणी लागतं वाफ परत गार करायला. कंडेन्सरमध्ये नळ्यांचा जुडगा, नळ्यांतून वाफ आणि बाहेरून गार पाणी फिरत असतं. ते पाणी गरम झालं की वाफेचं पूर्ण पाणी होत नाही आणि तेल वाफेबरोबर हवेत उडून जातं. शेडमध्ये घमघमाट सुटला की बघायला आलेले लोक खूश होतात, अण्णा मात्र धावत जाऊन वाफ कमी करतात, कारण तो वास म्हणजे वाया चाललेलं तेल. त्यांची परीक्षा साधी आहे, बाहेर पडणाऱ्या धारेखाली हात धरायचा, कोमट लागली तर ठीक, चटका बसला तर थांबव. उन्हाळ्यात दुपारी हौदातलं पाणीच तापलेलं असतं म्हणून ते फेब्रुवारीनंतर पहाटे चार ते अकराच्या आतच काम उरकतात. हौद अर्धा जमिनीत पुरलेला, वर शेडनेट, कंडेन्सरमधून आलेलं गरम पाणी उंच नेऊन शॉवरसारखं खाली पाडतात म्हणजे पडता पडता वाऱ्याने निवतं, आणि तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरायचं. दोन वर्षांपूर्वी बोअर आटला तेव्हा महिनाभर प्लांट बंद ठेवावा लागला होता, त्यानंतर हे सगळं त्यांनी गावातल्याच वेल्डरकडून करून घेतलं. तेल काढायला आग लागते असं सगळे समजतात, पण या भागात तेल मिळतं ते गार पाणी सांभाळणाऱ्यालाच, माझं तरी या फेरीत हे मत पक्कं झालं.

नऊच्या सुमाराला तेलाची धार पातळ झाली, काचेच्या पट्टीत वाढ दिसेना, वाफ बंद. शंभर किलो पाल्याला साधारण किलोभर तेल धरून चालतात, पाला चांगला असेल तर वर जातं, पावसाळ्यातला कोवळा ओला पाला असेल तर खाली. तेल काढून घेतल्यावर त्यात राहिलेला पाण्याचा अंश काढायला कोरडं सोडियम सल्फेट टाकून गाळतात आणि ॲल्युमिनियमच्या कॅनमध्ये काठोकाठ भरतात, वर हवा राहिली तर तेल खराब व्हायला लागतं. प्रत्येक लॉटचा नमुना लॅबला जातो, जीसी रिपोर्ट आल्याशिवाय व्यापारी भाव बोलत नाही. जीसी म्हणजे तेलात कुठला घटक किती टक्के आहे ते दाखवणारी तपासणी, भेसळ पण त्यातच पकडली जाते.

झाकण उघडलं तेव्हा वाफेचा लोट वर गेला आणि आतला पाला ऑलिव्ह रंगाचा, मऊ पडलेला. तो काट्याने ओढून बाहेर काढायचं काम सगळ्यात जड, भाजायची भीती पण असते. पोरांच्या पायात गमबूट होते, हातात मोजे नव्हते, ते मी दादाकरवी सोमवारी पाठवायचं कबूल केलं.

दुपार झोपेत गेली.

सोमवार

सकाळी अण्णांनी त्यांचं चंदन दाखवायला बोलावलं. प्लांटच्या मागे दीड-दोन एकरात, तुरीच्या आणि करंजाच्या मध्ये मध्ये लावलेलं. चंदन एकटं जगत नाही, त्याची मुळं शेजारच्या झाडाच्या मुळांना चिकटून त्यातून पाणी आणि क्षार घेतात, म्हणून लहानपणी तूर, पुढे करंज, कडुलिंब असा सोबती द्यावाच लागतो. झाडं माणसाएवढी झाली होती, पानं तुकतुकीत, काहींना काळी जांभळी फळं, ती बुलबुल खातात आणि बी लांब नेऊन टाकतात. खोडाला नाक लावून बघितलं, काहीही वास नाही. वास असतो तो फक्त आतल्या गाभ्यात आणि मुळात, तो गाभा धरायलाच बरीच वर्षं जातात, बाहेरचं पांढरं लाकूड बिनवासाचं.

मी विचारलं याचं तेल इथेच काढणार का. अण्णा नाही म्हणाले, आणि कारण कालच्या हिशेबातच होतं. चंदनाच्या तेलातला मुख्य घटक सँटालॉल, त्याचा उत्कलनबिंदू तीनशेच्या आसपास, म्हणजे वाफेत त्याचा वाटा अगदी किंचित येतो, लाकडाची भुकटी करून दोन-तीन दिवस सलग वाफ द्यावी लागते. शिवाय ते तेल पाण्याइतकंच जड, पटकन वेगळं होत नाही. पाल्याच्या प्लांटमध्ये हे होण्यासारखं नाही. मैसूरहूनही पहिल्या महायुद्धापर्यंत चंदनाचं लाकूड तेल काढायला जर्मनीला जायचं, युद्धाने ती वाट बंद झाली तेव्हा संस्थानाने स्वतःचा कारखाना काढला आणि पुढे चंदनाचा साबण आला.

इथे मला मनापासून एक सांगायचंय. सोलापूर, धाराशिव, बीड या पट्ट्यात चंदनाची रोपं विकणारे फिरतात आणि दहा वर्षांत कोट्यधीश व्हाल म्हणून कागदावर हिशेब मांडून देतात. लागवड कायद्याने करता येते, सातबाऱ्यावर नोंद करावी, पण तोडायला वनविभागाची परवानगी लागते, वाहतुकीला पास लागतो, आणि झाड गाभा धरायला लागलं की चोर रात्रीत कापून नेतात. अण्णांनी राखणीला कुत्री, कुंपण, दिवे सगळं केलंय आणि तरी ते म्हणतात हे मी नातवासाठी लावलंय. तेवढा धीर आणि राखणदारी असेल त्यानेच लावावं, कर्ज काढून तर अजिबात नको.

बांधाचा निर्णय तिथेच तुरीच्या सावलीत बसून झाला. आईला व्हिडिओ कॉल लावला, अण्णांनी तिला स्वतः समजावलं. रस्त्याकडची लिंबाची झाडं राहणार, ती गुडघ्याच्या उंचीवर छाटायची म्हणजे खालून भरपूर फुटवा येतो आणि पाला हाताला लागतो, तशी छाटणी वर्षानुवर्षं घेता येते. विहिरीजवळची काढून तिथे कडुलिंब आणि बोर. आई थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली मामंजींना फुकट गेलेलं काही आवडायचं नाही, करा.

परतताना दादाने नान्नजला गाडी थांबवली. १९७९ पासून हे माळढोकचं अभयारण्य, आता माळढोक दिसणं म्हणजे नशीबच, आम्हाला काळवीटांचा एक कळप आणि चंडोल दिसले. लांबपर्यंत वाळलेलं पिवळं गवत. हे बघितल्यावर कालचं एक बोलणं डोक्यात पक्कं झालं, अण्णांना कुणीतरी पडीक माळावर शंभर एकर निलगिरी लावायचा सल्ला दिला होता आणि त्यांनी तो धुडकावला. माळ पडीक नसतो. माळढोकला उघडं गवताळ रानच लागतं, मध्ये उंच झाडं आली की तो ती जागा सोडतो, आणि गवत गेलं की मेंढपाळांचं पण जातं. तेलाचा धंदा बांधावरच्या, आधीच उभ्या असलेल्या झाडांवर आणि शेतातल्या लागवडीवर चालावा, माळावर चढू नये.

कुणाला असा प्लांट बघायचा असेल तर डिसेंबर ते मार्च बरा, पावसाळ्यात बरेचदा बंद असतात. आधी फोन करून पहाटेची वेळ मागून घ्या, दुपारी गेलात तर थंड टाकी बघून परत याल. सुती कपडे घाला, वाफेच्या पाइपजवळ मुलांना सोडू नका. तेल घेतलं तर बाटली गडद काचेची, पूर्ण भरलेली घ्या आणि लॉटचा जीसी रिपोर्ट मागा, प्रामाणिक माणूस दाखवतो. कातडीवर लावायचं तर खोबरेल किंवा तिळाच्या तेलात दोन-चार थेंब, नुसतं नको. पोटात अजिबात घ्यायचं नाही, आणि तान्ह्या मुलांच्या नाकातोंडाजवळ कुठलंच निलगिरीचं तेल लावू नका, सर्दी झाली म्हणून आजही घराघरात लावतात, थोडं तेल पोटात गेलं तरी बाळाला दवाखान्यात न्यावं लागतं.